स्नगमधला वाकडा टेकू

ब्लॅक रॅम, मेल्टनफर्ड
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

लेनर्ड,

तू बरा असशील असं धरून चालते. नाताळचं कार्ड पोचलं. दर वर्षी बोटीचंच चित्र का पाठवतोस कळत नाही, पण पोचलं. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत बाईंनी डावा हात पाठीशी बांधून उजव्यानं गिरवायला लावलं आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली, त्यामुळे उजव्या हाताला जेवढं येतं तेवढंच येतं.

पत्र लिहायचं कारण असं. गेल्या सप्टेंबरपासून पब ब्रायनीनं चालवायला घेतलाय. ब्रायनी म्हणजे तुझ्या बहिणीची, मॉरीनची मुलगी. तू ॲबर्डीनला गेलास तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. मला मागची वरची खोली दिलीय. दुपारी मी गिऱ्हाइकांना नावं ठेवत बसते, तिच्या मते त्यानं धंदा वाढतो.

तर ब्रायनीनं ठरवलंय की पब जसा होता तसा करायचा. मी विचारलं, "कधी होता तसा?" तिला सांगता येईना. समोरून बघशील तर विटांची सरळ भिंत आणि एकासारख्या एक उंच खिडक्या. तो नुसता मुखवटा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा मालकाला आपला पब जुनाट दिसतो याची लाज वाटली, म्हणून त्यानं पुढून विटा चढवल्या. मागे सगळा ओकचा सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती, शेण-मातीच्या. मग १९५८ मध्ये आधीच्या भाडेकऱ्याला ओकची लाज वाटली, त्यानं तुळयांवर हार्डबोर्ड ठोकून पिवळट रंग मारला. आणि १९७३ साली पब ज्यांच्या मालकीचा त्या ब्रुअरीला वाटलं की लोकांना आता जुनं आवडतं. तेव्हा त्यांनी तुझ्याकडून पातळ फळ्यांच्या पोकळ तुळया करून घेतल्या, वरून कुऱ्हाडीचे टोले, काळा रंग, आणि खऱ्या तुळयांवर चढवल्या. खऱ्या ओकवर खोट्या ओकची खोळ. हे कौन्सिलच्या ऑटवेबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीत बसून हसल्या. जुन्या इमारती बघणं हे त्यांचं काम. हसणं कामात धरत असावेत.

ऑटवेबाईंना तुझ्याकडून एवढंच हवंय: त्या खोळी खिळ्यांनी मारल्यास की कशानं? ओढून काढल्या तर खालचं लाकूड फुटेल म्हणतात. मोठ्या बारमध्ये सुरुवात झालीय. स्नग शेवटी उघडणार.

स्नगचं मला काही फार वाटत नाही. बायकांची खोली होती ती. आठ बाय दहा, काउंटरकडे एक छोटी खिडकी, त्यातून पोर्ट वाइन मागायची आणि तोंड मिटून प्यायची. आता जोडपी बसतात.

तिथे फळ्या काढल्यावर ते जुनं प्रकरण निघणार, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी कळवलेलं बरं. खांबापासून तुळईपर्यंत जो वाकडा टेकू होता, तो जिथे कापला ती जागा दिसेल. लोक बोलतील. टेड टॉलिव्हर अजून रोज येतो. त्याच्या बापाची मांडी मोडली होती हे तो विसरलेला नाही. बोलिंग क्लबचं जेवण होतं वर, एप्रिलमध्ये, आणि मजला हिसक्यानं चार बोटं खाली आला, त्यात तो पडला. सांगाड्यातला टेकू गेला की तुळईची झोळी होते म्हणतात. तुझे वडील तेव्हा जे बोलले ते बोलले. ते म्हणाले की वाकड्या लाकडावर तुझ्या सरळ खोळी बसेनात, म्हणून आळशीपणानं तू तो छाटलास. तू काही उत्तर दिलं नाहीस. आता ते जाऊन पंधरा वर्षं झाली.

त्या दिवसांत तूही वरच्या खोलीबद्दल काहीतरी बडबडला होतास. काय ते मला आठवत नाही. तेहेतीस वर्षं झाली.

खिळे की काय, ते कळव.

तुझी आई,
आयव्ही पास्क


ब्लॅक रॅम, मेल्टनफर्ड
रविवार, ५ मार्च २००६

लेनर्ड,

कार्ड मिळालं. 'खिळे नाहीत, स्क्रू. जपून काढा.' तेहेतीस वर्षांत एवढं लांब तू मला लिहिलेलं नाहीस. ऑटवेबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं विचारलं, ओढलं असतं तर वाट लागली असती.

मोठा बार उघडला. सुतार हॉब्डे नावाचा आहे, बोलत नाही, बरा आहे. खाली सगळ्या सांध्यांवर पटाशीनं मारलेल्या रेघा निघाल्या. जुन्या सुतारांनी सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर सारख्याच रेघा मारायच्या, मग सोडवून गाडीवर घालून आणायचा आणि इथे रेघा जुळवत उभा करायचा. एक रेघ एकीशी, दोन दोनांशी. हे तुला माहीतच असणार. मी त्यांच्याखाली चाळीस वर्षं भांडी पुसली, मला माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी स्नग उघडला. मी, ब्रायनी, ऑटवेबाई, हॉब्डे आणि खिडकीतून डोकं घातलेला टेड टॉलिव्हर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

खांबावर चार रेघा आहेत. तुळईवर चार रेघा आहेत. मधलं लाकूड नाही.

ऑटवेबाईंनी बॅटरी लावून कापलेल्या जागा बघितल्या, बोट फिरवलं, पुन्हा बघितल्या. मग म्हणाल्या, "हे सुताराचं काम नाही."

टेड म्हणाला, "का नाही? लेन पास्क सुतारच होता."

"सुतारानं आधी तुळईखाली तात्पुरता खांब लावला असता. आणि दात बघा किती बारीक. ही लाकडाची करवतच नाही. खालचा काप वर चढत गेलाय, म्हणजे कापणाऱ्याचा हात खाली होता. बुटका माणूस. आणि करवत सुरुवातीला घसरलीय ती या बाजूला. उजव्या हातानं कापायला इथे जागाच नाही, कोपर काउंटरला लागतं. डावखुरा होता."

"लेन सहा फूट होता," टेड म्हणाला. "गुडघ्यावर बसला असेल."

"प्रार्थना करत?" हॉब्डे म्हणाला. आठवड्यात तेवढंच बोलला.

मग हॉब्डेनं खांबावरची तुझी शेवटची फळी काढली, आणि आत लोखंडी पट्टा निघाला. खांबाला आणि तुळईला धरून, दोन्हीकडे आरपार बोल्ट, कोपऱ्यात वाकवून घट्ट बसवलेला. हॉब्डे त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. ऑटवेबाई म्हणाल्या की मजला चार बोटांवर थांबला तो याच्यामुळे. हा नसता तर तुळई सांध्यातून निसटली असती आणि वरची सगळी माणसं खाली आली असती. वर किती होती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौतीस. आकडा कसा लक्षात राहिला कुणास ठाऊक. टेडनं टोपी काढली आणि परत घातली.

तेव्हा कुणी हे बघितलं नाही. मजला खाली आल्यावर ब्रुअरीची माणसं आली, वर ढकलून तुळईखाली लोखंडी खांब उभा केला आणि दोन तासांत गेली. फळ्या काढायची कुणाला गरज वाटली नाही. काय झालं ते सगळ्यांना आधीच कळलेलं होतं.

फळीच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलीनं लिहिलंयस. सुतार लोक लिहितात म्हणे, झाकल्या जाणाऱ्या जागी, पुढे कधी उघडणाऱ्यासाठी. हॉब्डेनं वाचून दाखवलं: 'एल. पी. १४ मार्च १९७३. टेकू गेला. पट्टा टाकला. वर वीसच्या वर माणसं नकोत.' त्याखाली आणखी दोन शब्द आहेत, पुसट.

म्हणजे तू कापला नाहीस हे आता ऑटवेबाईंच्या कागदावर येणार. तुला बरं वाटेल म्हणून कळवते.

संध्याकाळी ब्रायनी स्वयंपाकघरात आली तेव्हा मी पाव कापत होते. ती दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. हाडं कापायची जुनी करवत तिनं शोभेसाठी तिथेच भिंतीवर टांगलीय, तिच्याकडेही बघितलं. मग म्हणाली, "आजी, चहा टाकू?"

"टाक," म्हटलं.

ब्रायनीचा चहा पाणचट असतो. बाकी ठीक.

तुझी आई,
आयव्ही पास्क


ब्लॅक रॅम, मेल्टनफर्ड
रविवार, २६ मार्च २००६

लेन,

तू उत्तर दिलं नाहीस. मीही दिलं नसतं.

आज मदरिंग संडे. सगळ्यांच्या पोरी आयांसाठी फुलं घेऊन फिरतायत. ब्रायनीनं मला डॅफोडिल आणून दिले, मी ते बारवर ठेवले, गिऱ्हाइकांना बघू देत. मला आज ती फुलं खोलीत नको होती.

अक्षर वेगळं दिसेल. डाव्या हातानं लिहितेय. साठ वर्षं त्याला लिहू दिलं नव्हतं, तरी उजव्यापेक्षा सरळ चालतोय.

टेकू मी कापला. मंगळवार होता, १३ मार्च. अडीचला पब बंद केला, साडेपाचला उघडायचा होता. तुझे वडील न्हाव्याकडे गेले होते आणि तू ब्रुअरीत आणखी फळ्या आणायला. स्नगमधला हार्डबोर्ड तू आदल्या दिवशी काढला होतास, टेकू उघडा होता. बिअरच्या क्रेटवर उभी राहून वरचा काप घेतला, मग खाली उतरून खालचा. हाडांच्या करवतीनं, कारण तुझ्या हत्यारांना हात लावला असता तर तुला कळलं असतं. अडीच तास लागले. तुकडा स्नगच्याच शेगडीत जाळला. दोन दिवस छान पेटला.

कशासाठी, तर डार्टसाठी. बायकांचा संघ होता आमचा, सहा जणी, आणि आपल्याच पबात आम्हाला खेळायला जागा नव्हती. मोठ्या बारमधला बाण मारायचा फळा पुरुषांचा. स्नगमध्ये फळा लावायला एकच भिंत, आणि तो टेकू बरोबर नेमाच्या वाटेत, डोक्याएवढा. तुझ्या वडिलांना म्हटलं की काहीतरी कर. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आयव्ही, बाण वळवून मारायला शीक." सगळा बार हसला. टेडचा बाप सगळ्यात जास्त. मला ते लाकूड म्हणजे एक आडवा आलेला पुरुष वाटलं. ते काही धरून ठेवत असेल, हे डोक्यातच आलं नाही. एवढं जाड घर, त्यात एक तुकडा.

तू बुधवारी सकाळी आलास आणि बघितलंस. मी खिडकीपलीकडे ग्लास पुसत होते. तू फरशीवर वाकलास, बोटानं भुसा उचललास, नाकाशी नेलास. हाडांच्या करवतीच्या चरबीचा वास आला असणार. मला वाटलं, आता बोलेल. तू बोलला नाहीस. दुपारपर्यंत तू खांबाला आणि तुळईला सरळ खोळ बसवलीस, जणू तिथे कधी काही नव्हतंच. तुझ्या वडिलांना वाटलं ब्रुअरीच्या नकाशातच तसं आहे. मी मनात म्हटलं, निभावलं. पट्ट्याचं मला या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. ते खरं आहे.

आता जे मला आठवत नाही असं लिहिलं, ते. मी बटाटे सोलत होते. तू मागून आलास आणि म्हणालास, "आई, वरच्या खोलीत वीसच्या वर माणसं बसवू नकोस." का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी म्हटलं, "तू सुतार आहेस, मला जेवणावळी शिकवू नकोस." पंधरवड्यानं बोलिंग क्लबचं बुकिंग आलं चौतीस जणांचं, मी हो म्हटलं.

फळीवरचे ते दोन शब्द पुसट नाहीत. हॉब्डेनं तेही वाचले होते. 'आईला सांगितलं.'

त्या शनिवारी, मजला खाली आल्यावर, तुझे वडील सगळ्यांसमोर तुला बोलत होते तेव्हा मी टॉलिव्हरच्या पायाखाली उशी सरकवत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी उशीकडे बघितलं. ऑक्टोबरमध्ये आम्ही स्नगमध्ये लीगची ढाल जिंकली. अकरा वर्षं खेळले मी तिथे. ज्या गावात कुणी तुला साधं दार बसवायला बोलावेना, त्या गावात. तुझे वडील आजारी असताना एकदा म्हणाले, लेनला लिहू का. मी म्हटलं, बघा तुमचं तुम्ही. तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी लिहिलं असतं. हे सगळ्यात वाईट, म्हणून शेवटी सांगतेय.

काल दुपारी बार भरलेला असताना मी सांगून टाकलं. टेड काउंटरला होता. म्हटलं, "टेड, तो टेकू मी कापला."

"कशानं?"

"हाडांच्या करवतीनं."

तो म्हणाला, "तरीच त्या वर्षी मटणाचे चॉप वाकडे यायचे." दोघंतिघं हसले. मग तुझ्या वडिलांचं नाव काढून म्हणाला, "आणि विल्फला माहीत होतं?"

"नाही."

"आणि लेनला?"

"त्याला होतं. मला त्यानं सांगितलंही होतं, वर गर्दी करू नको. मी चौतीस बसवले. तुझा बाप त्यातला एक."

टेडनं ग्लास खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. टेड टॉलिव्हरनं अर्धा ग्लास ठेवलेला या गावानं कधी बघितला नव्हता. कोट घालून गेला. आज आलेला नाही. त्याची खुर्ची ब्रायनीनं कुणाला दिली नाही.

ऑटवेबाईंच्या कागदात मी स्वतः लिहायला लावलं. त्या म्हणाल्या, नाव घालायची गरज नाही, 'कुणा अडाण्यानं काढला' एवढं पुरेल. मी म्हटलं, अडाणी आहे, पण नाव आहे. आता तिथे असं आहे: 'टेकू १९७३ साली पब चालवणाऱ्या आयव्ही पास्क यांनी कापला. लोखंडी पट्टा लेनर्ड पास्क, सुतार, यांचा. पट्टा काढू नये.' शेवटचं वाक्य हॉब्डेनं घालायला लावलं.

हॉब्डेनं नवा टेकू ओल्या ओकचा घडवलाय, आपोआप वाकलेल्या झाडातून शोधून. त्यावर चार रेघा मारल्यात. बुधवारी उभा केला, टोकाची जीभ भोकात बसलीय, पण वरचा सांधा पक्का करणारी लाकडी खुंटी ठोकलेली नाही. मी थांबवलं. तो म्हणाला, ओलं लाकूड आहे, सुकताना हलतं, फार दिवस असं ठेवता येणार नाही. ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाला. मी विचारलं, त्या दिवसांत कुणी दुसऱ्यानं ठोकली तर चालेल का. त्यानं विचारलं, दुसरा कोण. मी पट्ट्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "त्यानं ठोकली तर मी हातोडा धुऊन ठेवतो."

खुंटी माझ्या खोलीत खिडकीत आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी अकरा वाजता हॉब्डे येईल. तू नसलास तर तो ठोकेल आणि टेकू तसाच धरेल, त्याला काही फरक पडत नाही. रेल्वेनं येणार असलास तर क्रू स्टेशनला गाडी बदलावी लागते असं ब्रायनी म्हणते. वर तुझी जुनी खोली रिकामी आहे. मजला पक्का आहे.

माफी मागायची मला सवय नाही आणि तू माझ्याकडून ती कधी मागितली नाहीस. मी फक्त कुणी कापलं ते लिहून देतेय, तुझ्यासारखं, पण फळीच्या पुढच्या बाजूला.

जिनं कापला आणि जिला तू सांगितलं होतंस, ती
तुझी आई